कळते, पण वळत नाही! : एका श्रुतिकेची शास्त्रीय परीक्षा



तंबाखूच्या पुडीवर तंबाखू घातक असल्याचे ठळक अक्षरांत छापलेले असते. पुडी फोडणाऱ्याला ते वाचता येत नाही असे थोडेच आहे? तो वाचतो, पुडी फोडतो, चुना लावून तंबाखू मळतो आणि खुशाल तोंडात टाकतो. दुचाकीवर शिरस्त्राण घालावे, पाणी गाळून-उकळून प्यावे, रात्री वेळेवर झोपावे, या गोष्टी कोणाला ठाऊक नाहीत? पण ठाऊक असणारे सगळेच तसे वागतात का? आपल्या आजी-आजोबांनी या प्रकाराला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे : 'कळते, पण वळत नाही.'

आपण हे वाक्य हसण्यावारी नेतो. काही शास्त्रज्ञांनी मात्र ते गंभीरपणे घेतले. कळणे आणि वळणे यांच्यामध्ये नेमके काय असते? ते अंतर कमी करता येईल का? आणि कमी झाले की नाही, हे मोजणार कसे? या प्रश्नांचे एक उत्तर आफ्रिकेतल्या टांझानिया या देशात मिळाले, आणि तेही चक्क रेडिओवरच्या एका कौटुंबिक श्रुतिकेतून. तिची हकिकत आज आपण पाहू या.

शत्रूची ओळख

ही श्रुतिका ज्या शत्रूविरुद्ध उभी राहिली, त्याची ओळख आधी करून घेऊ.

१९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना काही तरुण रुग्णांमध्ये विचित्र प्रकार आढळला. निरोगी माणसाला सहसा न होणारे संसर्ग या तरुणांना होत होते. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्तीच कोसळली होती. या अवस्थेला 'एड्स' हे नाव मिळाले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. त्याला आज आपण एच.आय.व्ही. म्हणतो.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींची एक फौजच असते. त्यांपैकी 'सीडी-४' नावाच्या पेशी या फौजेतल्या निरोप्यांसारख्या असतात. शत्रू आला की इतर पेशींना त्या सावध करतात. एच.आय.व्ही. नेमका या निरोप्यांनाच गाठतो, त्यांच्यात शिरतो, त्यांच्याच यंत्रणेकडून आपल्या नकला तयार करवून घेतो आणि शेवटी त्यांचा नाश करतो. निरोपेच नाहीसे झाले तर फौज असून उपयोग काय?

हा विषाणू पसरण्याचे मार्ग मोजके आहेत : बाधित व्यक्तीशी असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुया, आणि बाधित आईकडून गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला. हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

या विषाणूची खरी धूर्तता वेगळीच आहे. त्याची लागण झाल्यावर उपचार न घेतलेला माणूससुद्धा बहुधा आठ-दहा वर्षे धडधाकट दिसतो. तो कामावर जातो, हिंडतो-फिरतो. आपल्या अंगात काही आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. पटकीची साथ आली की गाव घाबरते, कारण माणसे डोळ्यांदेखत आजारी पडतात. एच.आय.व्ही. मात्र पावलांचा आवाज न करता येतो. जो धोका डोळ्यांना दिसत नाही, तो 'आपल्याला नाही, दुसऱ्याला' असे मनाला सहज वाटते. कळूनही न वळण्याला याहून सुपीक जमीन कोणती?

त्यातून १९९०च्या सुरुवातीचा तो काळ लक्षात घ्या. अनेक औषधे एकत्र देऊन विषाणूला जखडून ठेवण्याची परिणामकारक उपचारपद्धती १९९६च्या सुमारास आली, आणि आफ्रिकेतल्या गरीब देशांपर्यंत पोचायला तिला आणखी बरीच वर्षे लागली. लस तर आजही नाही. म्हणजे १९९३ साली टांझानियातल्या सामान्य माणसाच्या हाती एकच औषध होते : स्वतःची वागणूक बदलणे.

भाषण नको, गोष्ट सांगा

वागणूक बदलायची कशी? सरकारने भित्तिपत्रके लावली, डॉक्टरांची भाषणे झाली. लोकांना माहिती मिळाली, म्हणजे कळले. वळण्याचे काय?

इथे आपल्याला थोडे मागे जावे लागेल. १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह लहान मुलांवर एक प्रयोग केला. हवा भरलेल्या एका मोठ्या बाहुल्याला एक मोठा माणूस गुद्दे मारतो, हे काही मुलांना पाहू दिले. दुसऱ्या मुलांसमोर मोठा माणूस शांतपणे वेगळाच खेळ खेळत बसला. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडले. पहिल्या गटातल्या मुलांनी बाहुल्याला बदडून काढले, तेही मोठ्या माणसाची हुबेहूब नक्कल करीत! 'मारा' असे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. पुढे १९६५ साली बांडुरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मारणाऱ्याला चित्रपटात शिक्षा झालेली पाहिली, तर मुले त्याची नक्कल कमी करतात.

याचा अर्थ काय? माणूस उपदेशापेक्षा दुसऱ्याकडे पाहून अधिक शिकतो. आणि त्या दुसऱ्याचे पुढे भले झाले की वाईट, हेही तो टिपून ठेवतो.

मेक्सिकोतील दूरदर्शन-निर्माते मिगेल साबिदो यांनी हा विचार मालिकांच्या कथानकात ओतला. १९७५ साली त्यांची प्रौढ साक्षरतेवरची एक मालिका सुरू झाली. साक्षरतेची पुस्तके कोठे मिळतात हे त्या मालिकेत सांगितले गेले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी हजारो लोक त्या ठिकाणी लोटले आणि राजधानीत वाहतूक अडली.

साबिदोंची युक्ती साधी होती. त्यांच्या मालिकेत तीन प्रकारची पात्रे असत. काही चांगले वागणारी. त्यांचे भले होते. काही वाईट वागणारी. त्यांना त्याची फळे भोगावी लागतात. आणि तिसऱ्या प्रकारची पात्रे सर्वांत महत्त्वाची : कुंपणावर बसलेली. ती चुकतात, अडखळतात, लोक काय म्हणतील म्हणून मागे सरतात आणि मग हळूहळू सुधारतात. ऐकणारे बहुतेक जण या तिसऱ्या जातीचे असतात. देवमाणसाकडे आपण आदराने पाहतो, पण 'अरे, हा तर माझ्यासारखाच!' असे वाटते ते कुंपणावरच्या माणसाकडे पाहून.

'काळाबरोबर चालू या'

आता टांझानियाला जाऊ. पूर्व आफ्रिकेतला हा मोठा देश. येथे शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात, पण स्वाहिली भाषा जवळजवळ सर्वांना समजते. त्या काळी दूरचित्रवाणी खेड्यापाड्यांतून नव्हतीच. वर्तमानपत्र वाचायला अक्षरओळख हवी आणि ते गावापर्यंत पोचायला रस्ताही हवा. रेडिओला दोन्ही लागत नाही. एका घरात रेडिओ लागला की शेजारची चार माणसे ऐकतात.

जुलै १९९३ मध्ये 'रेडिओ टांझानिया'वर एक नवी श्रुतिका-मालिका सुरू झाली. तिचे नाव 'ट्वेंडे ना वाकाटी', म्हणजे 'काळाबरोबर चालू या'. यातला 'वाकाटी' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटतो का? अरबीतला 'वक्त' व्यापाऱ्यांच्या गलबतांतून स्वाहिलीत जाऊन 'वाकाटी' झाला आणि आपल्याकडे येऊन 'वखत' झाला. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग लागत. एच.आय.व्ही.चा प्रतिबंध आणि कुटुंबनियोजन हे तिचे मुख्य विषय होते.

मालिकेचा खलनायक म्हक्वाजू. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ चिंचेचे झाड. हा म्हक्वाजू ट्रकचालक. देशाच्या लांबलांब रस्त्यांवर माल घेऊन जाणारा, बोलण्यात वस्ताद, आणि ठिकठिकाणच्या मुक्कामांवर बायकांशी संबंध ठेवणारा. लेखकांनी ट्रकचालकच का निवडला? कारण महामार्ग आणि त्यांवरचे रात्रीचे मुक्काम हीच त्या काळी आफ्रिकेत विषाणूच्या प्रवासाचीही वाट होती. म्हक्वाजूला शेवटी एच.आय.व्ही.ची लागण होते आणि तो एड्सने मरतो. त्याची बायको टुनू मात्र रडत बसत नाही. मुलांना जगवण्यासाठी ती स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू करते आणि आपल्या पायांवर उभी राहते. फुंडी मिटिंडो हा शिंपी आणि त्याची बायको मामा वारिडी हे जोडपे कुंपणावरचे. 'किती मुले हवीत' या प्रश्नावर ती दोघे अडतात, घुटमळतात आणि शेवटी बोलून निर्णय घेतात.

तुमच्या लक्षात आले असेल, यात कोणीही डॉक्टर 'श्रोतेहो, सावधान!' म्हणत नाही. दोन दिवसांनी म्हक्वाजूचे काय होते, एवढ्यासाठी लोक रेडिओ लावत. माहिती गोष्टीच्या पाठीवर बसून घरात शिरत होती.

खरी कसोटी

मालिका लोकप्रिय झाली, लोकांची पत्रे आली. पण तेवढ्याने ती उपयोगी ठरली असे म्हणता येईल का? शास्त्रज्ञ म्हणेल, 'थांबा!'

समजा, तुमच्या आईने सर्दीवर आल्याचा काढा दिला आणि सहा दिवसांनी सर्दी गेली. ती काढ्याने गेली की आपोआप? काढा न घेतलेल्या, पण बाकी तुमच्यासारख्याच असलेल्या मुलाची सर्दी किती दिवसांत गेली हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. टांझानियातही तीच अडचण होती. त्याच वर्षांत भाषणे चालू होती, दवाखान्यांत सल्ला मिळत होता, आणि ओळखीपाळखीची माणसे मरताना लोक प्रत्यक्ष पाहत होते. वागणूक बदललीच, तर श्रेय कोणाला द्यायचे?

म्हणून अमेरिकेचे एव्हरेट रॉजर्स, पीटर व्हॉन, भारतात जन्मलेले अरविंद सिंघल आणि त्यांचे टांझानियातील सहकारी यांनी देशाच्या नकाशावरच प्रयोग मांडला. रेडिओ टांझानियाच्या मुख्य भूमीवरील सात केंद्रांवरून मालिका ऐकवली गेली. देशाच्या मध्यभागी दोदोमा नावाचे शहर आहे. तेथील केंद्रावरून मात्र १९९३ ते १९९५ या काळात ती लावायची नाही, असे ठरले. त्या वेळेला दोदोमाला दुसराच कार्यक्रम ऐकू येई. म्हणजे देशभर ज्या इतर गोष्टी घडत होत्या त्या दोदोमातही घडत होत्या. नव्हती फक्त ही श्रुतिका. अशा गटाला 'तुलनागट' म्हणतात. दर वर्षी दोन्ही भागांतल्या मिळून सुमारे पावणेतीन हजार घरांत जाऊन लोकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, १९९३ पासून १९९७ पर्यंत.

आकडे काय बोलले?

मालिका ऐकणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांनी सांगितले, की एच.आय.व्ही.पासून वाचण्यासाठी आम्ही आमच्या वागण्यात बदल केला. जोडीदारांची संख्या कमी झाल्याचे पुरुषांनी सांगितले तसेच स्त्रियांनीही. कंडोमचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'निरोध' म्हणतात त्याचा, वापर वाढल्याचेही दिसले. शरीरसंबंधातून होणारी लागण रोखणारे हे साधे रबरी साधन आहे.

पण चाणाक्ष वाचक लगेच शंका काढील : लोक खरे कशावरून सांगतात? घरी आलेल्या पाहुण्याला बरे वाटेल असे बोलण्याची सवय सगळ्या जगात आहे. शाळा-तपासनीस आले की आपणही 'रोज गृहपाठ करतो' असे सांगतोच ना? म्हणून संशोधकांनी लोकांच्या तोंडच्या उत्तरांवर विसंबून न राहता दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधला. सरकारच्या एड्स-नियंत्रण कार्यक्रमाकडे कंडोम-वाटपाची नोंद होती. ती नोंद ठेवणाऱ्यांना श्रुतिकेशी काही देणेघेणे नव्हते. पहिल्या वर्षात मालिका लागत असलेल्या भागात हे वाटप १५३ टक्क्यांनी वाढले. दोदोमात ते वाढले फक्त १६ टक्क्यांनी.

हे आकडे जरा उलगडून पाहू. समजा, दोन्ही भागांत आधी प्रत्येकी १०० कंडोम वाटले जात होते. वर्षानंतर एका भागात २५३ झाले आणि दोदोमात ११६. श्रुतिका नसतानाही दोदोमात १६ची वाढ झाली, ती इतर प्रयत्नांची. तेवढी इतरत्रही झाली असती असे धरू. मग श्रुतिकेच्या खात्यावर १५३ नव्हे, तर १५३ वजा १६, म्हणजे फार तर १३७ जमा करता येतील. दोदोमा नसते, तर ही वजाबाकी आपल्याला करताच आली नसती आणि सगळी वाढ आपण डोळे मिटून श्रुतिकेच्या पदरात टाकली असती. तुलनागटाचा उपयोग तो हाच.

तरीही एक शंका उरते. दोदोमाचे लोकच मुळात वेगळे असतील तर? तो भाग कोरडा, समुद्रकिनाऱ्यापासून दूर. कदाचित तेथे कोणत्याच उपायाचा परिणाम झाला नसता! या शंकेचे उत्तर प्रयोगाच्या उत्तरार्धात मिळाले. १९९५ साली दोदोमा केंद्रावरूनही मालिका सुरू झाली. कुटुंबनियोजनाच्या आकड्यांत फरक स्पष्ट दिसला. पहिल्या दोन वर्षांत मालिका लागणाऱ्या भागात कुटुंबनियोजन करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे शेकडा प्रमाण १० अंकांनी वाढले होते आणि दोदोमात ते जागच्या जागीच होते. मालिका लागल्यावर दोदोमातले प्रमाणही वर चढले, १६ अंकांनी. बटण दाबले की दिवा लागतो, दाबले नाही की लागत नाही, आणि दुसऱ्या खोलीतले बटण दाबल्यावर तेथेही लागतो. मग बटणाचा आणि दिव्याचा संबंध आहे असे मानायला आपण तयार होतो.

दोदोमावर अन्याय झाला का?

इथे तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात एक बोचरा प्रश्न आला असेल. नसला आला तर यायला हवा. साथ पसरत असताना दोदोमाच्या लोकांना दोन वर्षे या मालिकेपासून दूर ठेवणे योग्य होते का? त्या दोन वर्षांत तेथेही कोणी म्हक्वाजू असेल, कोणी टुनू असेल.

दोन्ही बाजू पाहा. १९९३ साली श्रुतिकेने लोक बदलतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती निरुपयोगी ठरण्याची शक्यता होती. उलटा परिणामही झाला असता. उलटा कसा? १९७०च्या दशकात अमेरिकेत एक विनोदी दूरदर्शन-मालिका गाजली. तिच्यातला बाप गोऱ्या-काळ्यांत भेद करणारा, हटवादी. लेखकांना त्याची टर उडवायची होती. पण १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की ज्यांच्या मनात आधीपासून तो भेदभाव होता त्यांना हाच माणूस बरोबर वाटत होता! म्हक्वाजूही मजेदार, ऐटबाज होता. तरुण पोरे त्यालाच आदर्श मानू लागली असती तर? म्हणजे परीक्षा घेणे आवश्यक होते. एकदा गुण दिसल्यावर दोदोमाला मालिका मिळाली, हेही खरे. नव्या औषधाची चाचणी घेतानाही असेच करतात. औषध खूपच गुणकारी दिसले, तर चाचणी मध्येच थांबवून ते सर्वांना देतात.

दुसरी बाजू अशी, की साथीत दोन वर्षे हा काळ लहान नाही, आणि आपण तुलनागटात आहोत हे दोदोमाच्या रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. रेडिओच्या प्रयोगात प्रत्येकाला विचारणे शक्यही नसते. यावर तुमच्या वर्गात वाद घाला. शास्त्राच्या पुस्तकात प्रयोगाची कृती असते. तो कोणावर आणि किती काळ करायचा, हे माणसांनी ठरवायचे असते.

गोष्ट काम कसे करते?

संशोधकांनी आणखी खोल खणले. मालिका ऐकणे आणि वागणूक बदलणे यांच्यामध्ये त्यांना चार पायऱ्या सापडल्या.

पहिली, 'हे मलाही होऊ शकते' ही जाणीव. धडधाकट दिसणारा म्हक्वाजू आजारी पडला, तेव्हा न दिसणारा धोका श्रोत्यांना दिसू लागला. दुसरी, 'मी हे टाळू शकतो' हा विश्वास. नुसती भीती घातली तर माणूस कानांवर हात ठेवतो. भीतीबरोबर वाटही दाखवावी लागते. तिसरी, पात्रांशी जुळलेले नाते. चौथी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे आपसातले बोलणे. नवरा-बायको, मित्र, शेजारी ज्या विषयावर एरवी एक अक्षर बोलले नसते, त्यावर बोलू लागले. का? कारण ते स्वतःविषयी बोलत नव्हते, म्हक्वाजूविषयी बोलत होते! 'तुझे वागणे मला धोक्याचे वाटते' असे नवऱ्याला सांगणे कठीण. 'त्या टुनूचे काय होणार हो?' असे विचारणे सोपे.

आपल्या अंगणात

रेडिओ आणि तुलनागट यांची सांगड मराठी मुलखाला नवी नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने 'युनेस्को'च्या साहाय्याने असाच प्रयोग केला होता. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोन कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून शेती, आरोग्य अशा विषयांवरचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवीत. तुलनेसाठी दोन तऱ्हेची गावे घेतली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. ज्ञानात ठळक भर पडली ती मंडळांच्या गावांत. नुसता रेडिओ असलेली गावे त्यांच्या बरीच मागे राहिली. म्हणजे ऐकण्याइतकेच ऐकल्यानंतरचे बोलणे महत्त्वाचे, हा टांझानियातला धडा आपल्या खेड्यांनी सदतीस वर्षे आधीच शिकवला होता.

पुढे १९९६-९७ मध्ये आकाशवाणीच्या २७ केंद्रांवरून 'तिनका तिनका सुख' ही १०४ भागांची हिंदी मालिका प्रसारित झाली. ती ऐकून उत्तर प्रदेशातील लुत्सान या गावच्या लोकांनी हुंडा देणार-घेणार नाही, अशी शपथ एका मोठ्या कागदावर लिहून आकाशवाणीकडे पाठवली. त्यावर १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे होते.

आज काय?

आज चित्र पुष्कळ पालटले आहे. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांची संख्या २०२४च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी होती. पण रोज नियमित औषध घेणारा बाधित माणूस आता दीर्घ आयुष्य जगू शकतो. औषधांमुळे रक्तातला विषाणू चाचणीत सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही. आईपासून बाळाला होणारी लागणही वेळेवर उपचार घेतल्यास ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. उपचार नसतील तर हेच प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधे २००४ पासून मोफत मिळतात. २०१७च्या कायद्याने बाधित व्यक्तीला शाळेत, नोकरीत किंवा दवाखान्यात वेगळी वागणूक देण्यास मनाई केली आहे. १०९७ या दूरध्वनी क्रमांकावर मोफत माहिती मिळते. विचारणाऱ्याला नाव सांगावे लागत नाही.

म्हणजे औषध आहे, कायदा आहे, माहिती आहे. तरीही कोणी तपासणीला जाण्यास घाबरतो, कोणी औषध लपवून घेतो, आणि कोठे तरी एखाद्या बाधित मुलाशेजारी बसायला वर्गमित्र तयार होत नाहीत. औषधाची गोळी पोटात जाते. मनातली भीती गोळीने जात नाही. कळणे आणि वळणे यांच्यामधली दरी अजून तिथेच आहे, आणि ती बुजवायला गोष्ट सांगणारे अजून हवे आहेत.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने तुमच्याच शाळेत करता येईल.

१. 'एच.आय.व्ही. कशाने पसरत नाही?' या विषयावर दहा प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका करा. शेवटी एक प्रश्न वागणुकीचाही ठेवा : 'वर्गात बाधित विद्यार्थी आला, तर तुम्ही त्याच्याशेजारी बसाल का?' उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नाही, म्हणजे मुले खरे लिहितील.

२. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या घ्या आणि दोन्हींकडून प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. कोणत्या तुकडीला श्रुतिका ऐकवायची, हे नाणे उडवून ठरवा. आपल्या आवडीची तुकडी निवडू नका!

३. दहा मिनिटांची श्रुतिका लिहा. तिच्यात तिन्ही प्रकारची पात्रे असू द्या. कुंपणावरच्या पात्राला सर्वांत जास्त वाक्ये द्या. उपदेशाचे एकही भाषण नको. ती ध्वनिमुद्रित करून एका तुकडीला ऐकवा आणि नंतर दहा मिनिटे मोकळी चर्चा होऊ द्या. दुसऱ्या तुकडीला तीच माहिती तक्त्यावर लिहून तेवढाच वेळ समजावून सांगा.

४. दोन आठवड्यांनी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्या. प्रत्येक तुकडीत किती फरक पडला, ते काढा. माहितीच्या प्रश्नांचा आणि वागणुकीच्या प्रश्नाचा हिशेब वेगळा ठेवा.

५. मग राहिलेल्या तुकडीलाही श्रुतिका ऐकवा. दोदोमाला विसरू नका.

तक्ता जिंकला आणि श्रुतिका हरली, तरी आकडे जसे आले तसेच नोंदवहीत उतरवा, आणि असे का झाले असेल याचा वर्गात मिळून शोध घ्या.